सांग तुझ्या आजोबांना

घड्याळजींनी पाय झटकला. पावलावर हनुवटी टेकून पसरलेला कुत्रा टेबलाखालून अर्धा बाहेर घसरला, फुर्रकन शिंकला आणि पुन्हा येऊन त्याच पावलावर आडवा झाला.

"बघा," घड्याळजी समोरच्या दातांच्या डॉक्टरांना म्हणाले. "दिवसभर हे असं."

डॉक्टर कुत्रा बघायला आलेच नव्हते. त्यांच्या काखेत लंबकाचं घड्याळ होतं, चार दिवसांपूर्वी इथूनच दुरुस्त होऊन गेलेलं. त्यांनी ते जपून टेबलावर ठेवलं.

"दोन दिवस चाललं आणि बसलं. काटा फिरवला की ठोके देतंय बरोबर, पण चालत होतं तेव्हाही लंगडत होतं. एक टिक लांब, एक आखूड. दाढ दुखत असलेल्या पेशंटलासुद्धा ते कळत होतं. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

डॉक्टरांनी आपल्या दणदणीत आवाजात विचारलं साधेपणानंच होतं, पण घड्याळजींच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चाळीस वर्षं त्यांचं नाव होतं ते कानांवर. लंबकाचं घड्याळ डोळ्यांनी लावायचं नसतं, कानांनी लावायचं असतं, हे ते शिकाऊ पोरांना सांगत आले होते. त्यांचे उस्ताद बाजारातल्या गोंगाटात स्क्रूड्रायव्हरचं टोक घड्याळावर टेकवून त्याची मूठ दातांत धरत. आवाज हाडातून जातो, मध्ये बाजार येत नाही. घड्याळजींनी ते कधी केलं नाही. ज्याला कान नाहीत त्यानं दात वापरावेत, असं ते हसून म्हणत.

"या भात्यापुढं कोणाला काय ऐकू येणार?" ते म्हणाले, आणि शेवटचे शब्द स्वयंपाकघरापर्यंत जावेत इतपत आवाज चढवला. "मी ठोका ऐकू का याचं घुरघुरणं?"

डॉक्टरांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. तिथं फिकट मातकट रंगाचा, काळ्या तोंडाचा पग होता. नाक जणू कोणीतरी अंगठ्यानं आत दाबून टाकलेलं, कपाळावर सात जन्मांच्या काळजीच्या घड्या आणि डोळे असे बाहेर आलेले की आत्ता गडगडत जमिनीवर येतील. त्यानं डॉक्टरांकडे पाहून वेटोळं शेपूट हलवलं.

"गोड आहे," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या आठवड्यात मिळेल ना घड्याळ?"

ते गेल्यावर घड्याळजी पायाशी बघून म्हणाले, "भात्या, सांग तिला. या घरात एक तर तू राहशील, नाहीतर माझं टेबल राहील."

स्वयंपाकघराच्या दारात सून येऊन उभी राहिली. रक्ततपासणीच्या लॅबमधून दुपारी दोनला ती घरी येई आणि पाचपर्यंत तिचं डोकं ठिकाणावर नसे. पहाटेपासून शंभर जणांच्या दंडात सुई खुपसून आलेल्या बाईकडून गोड बोलण्याची अपेक्षा कोणी करू नये.

"गोट्या," ती कुत्र्याकडे बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "सांग तुझ्या आजोबांना. टेबल कुठं जात नाही. आणि घड्याळ लंगडलं ते तुझ्यामुळं नाही. आमच्याकडे मंगळवारी कानाचे डॉक्टर येतात, तेही सांग."

"सांग तिला, माणसांचे डॉक्टर कुत्र्यांचे कान बघायला लागले की आम्हाला कळवा."

सून आत निघून गेली.

या घरात बोलणं असं चाले. मुलगा जहाजावर, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. लग्नानंतर दोन महिने राहून तो गेला आणि मागं राहिली ही दोघं, आणि सुनेनं माहेराहून आणलेला हा ऐवज. पहिल्याच महिन्यात तिनं झाडता झाडता त्यांचं टेबल वीतभर सरकवलं आणि एक स्क्रू नाहीसा झाला. मोहरीच्या दाण्याहून बारीक स्क्रू. कुत्र्यानं गिळला, असा घड्याळजींनी निकाल दिला. या जातीला पोटाचा तळ नसतो, जमिनीवरचं काहीही चाटून जातो, हे सुनेनंच त्यांना सांगितलं होतं, ते तिच्यावर उलटलं. तिनं लॅबमधले हातमोजे घालून दोन दिवस कुत्र्याची विष्ठा तपासली. तिसऱ्या दिवशी स्क्रू घड्याळजींच्या शर्टाच्या दुमडलेल्या बाहीत सापडला. शर्ट तिनंच धुवायला घेतला होता, त्यामुळं तो तिलाच सापडला. स्क्रू तिनं टेबलावर कागदाच्या मधोमध ठेवला. तेव्हापासून आठ महिने दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. जे काही बोलायचं ते कुत्र्याशी.

त्यातही ती ओरडायची. दूध नासलंय हे सांगायलाही ओरडायची, फोन आलाय हे सांगायलाही. आई-बापांनी हळू बोलायला शिकवलं नाही, असं घड्याळजींचं मत होतं आणि ते त्यांनी कुत्र्याला अनेकदा सांगितलं होतं.

खरं म्हणजे त्यांचे दिवस तसे वाईट नव्हते. गेल्या महिन्यात तर कमाल झाली होती. बायकांची पाच छोटी मनगटी घड्याळं आली, सेकंदकाटा नसलेली. त्यांनी एकेक कानाला लावलं, मान हलवली, बंद म्हणून चिठ्ठी बांधली. आणि झाकण उघडलं की आतलं चाक फिरायला लागलेलं! नुसता हात लागताच. पाचही. घड्याळजींनी हे गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगितलं. काही हात तसेच असतात. एक बाई मात्र म्हणाल्या होत्या की मला फक्त पट्टा बदलायचा होता. काही लोकांना कशाचं कौतुक नसतं.

म्हणजे हात चांगले होते, कान चांगले होते. बिघाड एकच होता आणि तो पायावर झोपायचा. सुनेनं हाकललं, टोपलीत गादी घातली, खिडकीशी ऊन दिलं, तरी तो यायचा टेबलाखालीच. घड्याळजी उठले की उठायचा, न्हाणीच्या दारापर्यंत जायचा, ते बाहेर येईपर्यंत तिथं बसून राहायचा. बेल वाजली की नखं टकटकत दाराकडे धावायचा, की घड्याळजी त्याच्या मागून दार उघडायला. आणि पायावर पडला की सुरू. घर्र, फुस्स, घर्र. ठोक्यात ठोका नाही, तालात ताल नाही.

रविवारी सुनेची लॅबमधली मैत्रीण आली. आठ दिवस ठेवून बघते, जमलं तर कायमचा, असं ठरलं होतं. घड्याळजी भिंग डोळ्याला लावून बसून राहिले. कान देत नसल्यासारखं दाखवत ते ऐकत होते. सूनही अशा बेतानं बोलत होती की त्यांना सगळं ऐकू जावं.

"पट्टा गळ्यात नाही घालायचा, छातीचा घालायचा. गळा आवळला की आधीच तोकडा असलेला श्वास संपतो. तोंडावरच्या घड्या रोज पुसायच्या, ओल्या कापसानं आणि मग कोरड्या, नाहीतर आत चिघळतं. उन्हात न्यायचं नाही. सकाळी लवकर थोडंसं, बास. हा पळायला केलेलाच नाही. डोळे जप, गवताची काडीसुद्धा टोचते. खाणं मोजून दे. तो भुकेला आहे असं तुला चोवीस तास वाटेल. तो भुकेला नसतो."

"मग याला करायचं काय?" मैत्रीण हसून म्हणाली. "राखण करणार नाही, पळणार नाही, पोहणार नाही."

"काही नाही करायचं. हा माणसाजवळ बसतो. एवढंच काम येतं त्याला." मग ती टेबलाकडे वळून चार शब्द जास्त जोरात बोलली. "तेवढंही काहींना जड होतं."

घड्याळजींनी भिंग काढलं नाही. कुत्रा त्यांच्या पावलावरच होता. मैत्रिणीनं छातीचा पट्टा घालून त्याला ओढलं तेव्हा त्याचं घट्ट वेटोळं शेपूट उलगडून सरळ खाली पडलं. दारापर्यंत तो मागं बघत गेला. पाऊल एकदम हलकं झालं, गार पडलं. सुटलो, असं घड्याळजींना वाटलं आणि ते त्यांनी मोठ्यानं म्हणूनही दाखवलं.

पहिला दिवस शांततेत गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांचं घड्याळ समोरच्या खिळ्यावर टांगलं, लंबकाला हलकासा धक्का दिला आणि डोळे मिटून ऐकायला उभे राहिले. काही नाही. डोळे उघडले तर लंबक हलत होता. पंख्याचा आवाज मध्ये येत असेल म्हणून पंखा बंद केला. रस्त्यावरची रहदारी असेल म्हणून खिडकी लावली. घामाची धार मानेवरून पाठीत उतरली. त्यांनी कान घड्याळाच्या पेटीला चिकटवला, इतका की गालाला लाकडाचा थंडावा लागला. लंबक आपला इकडून तिकडे. शेवटी त्यांनी अंदाजानं, नुसत्या डोळ्यांनी, घड्याळ सरळ केलं. आयुष्यात पहिल्यांदा.

बुधवारी दाराखाली चिठ्ठी सापडली. दोनदा बेल वाजवली, कोणी आलं नाही, उद्या येते. गुरुवारी आणखी एक चिठ्ठी. घड्याळजींनी स्टूल घेतलं, बेल खोलली, तारा घासल्या, नवे सेल टाकले. मग दारात उभं राहून बटण दाबलं. दाबलं, पुन्हा दाबलं, अंगठा ठेवून दाबत राहिले. वरच्या मजल्यावरची बाई कठड्यावरून वाकून हातवारे करत त्यांच्यावर कावली. तिला कशाचाही राग येतो. त्यांनी बेल पुन्हा खोलली. आत सगळं जागच्या जागी होतं. तारा टेकवल्या की पितळेच्या वाटीवर छोटा हातोडा थडथडत होता, डोळ्यांना दिसत होता.

ते स्टुलावरून खाली उतरले आणि बराच वेळ स्टूल धरून उभे राहिले. त्यांना भीती वाटली. भीती वाटली याचा राग आला, आणि राग काढायला घरात कोणी नव्हतं.

सून होती, पण ती आता बोलतच नव्हती. बोलणार कोणाशी? ताट समोर ठेवायची, बोटांनी टेबलावर दोनदा टकटक करायची आणि जायची. शुक्रवारी आमटीत मीठ जास्त पडलं. घड्याळजींनी घास गिळला, खाली वाकले, "सांग तिला" एवढं म्हणाले आणि थांबले. टेबलाखाली त्यांच्याच दोन चपला होत्या. वर पाहिलं तर सून दारातून त्यांच्याकडे बघत होती. हसली असती तरी चाललं असतं. हसली नाही.

शनिवार त्यांनी भिंतीकडे तोंड करून काढला. हे टेबल गेलं तर सकाळी उठून कुठं बसायचं, एवढा एकच प्रश्न दिवसभर त्यांच्यासमोर बसून राहिला होता.

रविवारी दुपारी मैत्रीण आली ती कुत्र्याला घेऊन. त्याची गादी आणि लसीकरणाचं पुस्तक न्यायचं होतं आणि काय ते पक्कं करायचं होतं. डॉक्टरांचं घड्याळ खिळ्यावरून उतरून पुन्हा टेबलावर आलेलं होतं. काटे सात वाजून वीस मिनिटांवर थांबलेले.

कुत्रा दाराच्या चौकटीत उभा राहिला. तीन जिने चढून आला होता. बरगड्या खालीवर होत होत्या, जीभ बाहेर, नाकपुड्या फाकलेल्या. घड्याळजींनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अरे वा," ते म्हणाले. "याला दुरुस्त केलंत की!"

"काय केलं?" मैत्रिणीनं जोरात विचारलं.

"आवाज बंद केलात याचा. काय, औषध दिलं का ऑपरेशन?" त्यांना खरोखर कुतूहल वाटत होतं. कोणाही कारागिराला वाटलं असतं. "आठ दिवसांत! इथं वर्षभर कोणाला सुचलं नाही."

"काका, चेष्टा करताय का?" मैत्रीण हसायला लागली. "अहो, आमच्या घरातलं झोपणं गेलं आठ दिवस. शेजारी भिंत ठोकतात. आत्ता जिन्यात दोन माणसं थांबून बघत होती, कुठलं इंजिन आलं म्हणून. आत्तासुद्धा बघा ना काय लावलंय यानं!"

ती कुत्र्याकडे बोट दाखवत होती. घड्याळजींनी कुत्र्याकडे पाहिलं. मग सुनेकडे. सून जमिनीकडे बघत होती.

कुत्रा खोली ओलांडून टेबलाखाली शिरला, एकदा गोल फिरला आणि हनुवटी त्यांच्या पावलावर टेकवून पसरला.

आवाज सुरू झाला.

आधी घोट्यात, मग नडगीत, मग गुडघ्यापर्यंत. घर्र, फुस्स, घर्र. घड्याळजी हलले नाहीत. थोड्या वेळानं त्यांनी पाऊल हलकेच इंचभर मागं घेतलं. आवाज गेला. पाऊल पुढं केलं, आवाज आला. चांगला कारागीर बिघाड एकदा बघून मानत नाही. त्यांनी तीनदा करून पाहिलं. तिसऱ्यांदा पाऊल तिथंच राहू दिलं.

"मग, काय ठरलं?" मैत्रीण म्हणाली. "तसा आवडलाय आम्हाला. नेऊ ना?"

"ते सांगतील," सून म्हणाली. तिनं हनुवटीनं टेबलाकडे खूण केली.

घड्याळजी टेबलाखाली बघत म्हणाले, "राहू दे त्याला."

"कोणाला सांगताय?" सून जोरात म्हणाली. आठ महिन्यांचा हिशेब होता त्या प्रश्नात. सुटका ती करणार नव्हती.

"तुला," घड्याळजी म्हणाले. "तुला सांगतोय."

मैत्रिणीनं दोघांकडे पाहिलं, पट्टा खुर्चीच्या पाठीवर टांगला, आणि काहीतरी काम आठवल्यासारखी निघाली. दार लागल्याचं घड्याळजींनी बघितलं.

मग ते टेबलावरचे स्क्रू उगाच एका ओळीत लावत बसले. मोठ्यांतून छोटे. शेवटचा, मोहरीच्या दाण्याहून बारीक, चिमट्यात धरून म्हणाले, "ते डॉक्टर. मंगळवारी ना?"

सुनेनं मान हलवली.

"किती वाजता?"

तिचे ओठ हलले. ती या वेळी ओरडली नाही. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती त्यांच्याशी माणसासारख्या साध्या आवाजात बोलली, आणि त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत पोहोचलं नाही. ते नुसते बघत राहिले. तिला कळलं. ती पुढं आली, त्यांच्या टेबलाला, ज्याला हात लावायची तिला बंदी होती, त्या टेबलाला लागून उभी राहिली, आणि दातांच्या डॉक्टरांच्या घड्याळाची काच उघडून मोठा काटा भराभर पुढं ढकलू लागली.

"अगं, अगं!" घड्याळजींनी तिचं मनगट धरलं. "असा पळवायचा नसतो. दर तासाला थांबायचं, ठोके पडू द्यायचे. नाहीतर सगळे ठोके चुकतात त्याचे."

काटा बारावर होता. आठ वाजले होते. घड्याळजी थांबले. ठोके पडत होते की नाही, त्यांना कळेना. सुनेचं मनगट त्यांच्या हातात तसंच होतं. त्यांनी टेबलाखाली पाहिलं. कुत्र्याचा मखमली, दुमडलेला काळा कान हलला. पुन्हा हलला. घड्याळजी ओठांत मोजत राहिले. आठव्यांदा हलून तो कान पडला तेव्हा त्यांनी तिचा हात सोडला.

"हं. आता पुढं."

तिनं काटा फिरवला, सावकाश. साडेआठला तो कान एकदाच हलला. नऊला नऊ वेळा. मग काटा पुन्हा सहावर आला, कान एकदा हलला, आणि तिनं बोट काढून घेतलं.

"साडेनऊ," घड्याळजी म्हणाले.

तिनं मान हलवली.